बुवांची तबकडी

आमच्या पुण्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दिवाळीला एक वाद ठरलेला: नाट्यसंगीतानं गाणं बिघडवलं की घरोघरी पोचवलं? यंदा मामांनी जुन्या काळचे थोर गवई भास्करबुवा बखल्यांना साक्षीला काढलं. ‘काय ते गाणं!’ मामांनी ते कुठे ऐकलंय? बुवा १९२२च्या एप्रिलमध्ये गेले, आणि त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे नाही.

मी स्पेनच्या दक्षिणेला, हेरेसमध्ये राहते. फ्लामेंकोचा, म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्याचा, थोर गवई अंतोनियो चाकोन याच गावचा, आणि जन्म बुवांच्याच वर्षीचा, १८६९चा. लोक त्याला ‘दोन अंतोनियो’ म्हणत. हा ‘दोन’ आकडा नव्हे, आपल्या ‘बुवा’सारखा मान आहे. त्याच्या तबकड्या आहेत. आधी खरखर, मग रामोन मोंतोयाची गिटार, मग अलगद वर चढत जाणारा बारीक आवाज.

त्याआधीची ध्वनिमुद्रणं मेणाच्या नळ्यांवरची. नक्कल काढणं जिकिरीचं, म्हणून गवई कर्ण्यांपुढे तेच कडवं पुन्हा पुन्हा गायचा. एका नळीत जेमतेम दोन मिनिटं मावायची. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं अशा कितीतरी नळ्या घरबसल्या ऐकायची सोय केलीय. सुरुवातीला कुणीतरी गाण्याचं नाव खणखणीत पुकारतं. मला दरवेळी आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवरचं, गायिकेनं स्वतःच पुकारलेलं ‘माय नेम इज गौहर जान’ आठवतं.

शुद्धतेचं खूळ इथेही होतंच. बुवा गेले त्याच वर्षी, जूनमध्ये, संगीतकार फाय्या आणि कवी लोर्का यांनी ग्रानादात फ्लामेंको गाण्याची स्पर्धा भरवली. धंदेवाईक गवयांना बंदी, कारण म्हणे त्यांनीच गाणं नासवलं. आणि परीक्षकांत कोण? चाकोन!

आज मात्र इथे कुणी ‘जुनं गाणं असं नव्हतंच’ म्हणालं, की दुसरा मुकाट्यानं तबकडी लावतो. भांडण मिटत नाही, पण निदान ऐकून होतं. ‘दोन मिनिटांत काय गाणं मावणार?’ हा मामांचा मुद्दा मला मान्य आहे. तरी बुवांची दोन मिनिटं मिळाली असती तर मी आख्खी दिवाळी त्यावर काढली असती.

आजोबांच्या तबकड्या माळ्यावर पेटाऱ्यात होत्या. वाडा पाडायच्या वेळी मामांनीच त्या भंगारवाल्याला किलोवर दिल्या. ग्रुपवर मी तेवढं लिहिलं. मामांचं उत्तर आलं, ‘अगं, त्या नाटकाच्या होत्या.’