41,400 सर्व्हर म्हणे!

मेनफ्रेमवाला (मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांचा दणकट संगणक) तो फॉरवर्ड शेवटी माझ्या मेव्हण्यापर्यंत पोचला, आणि त्याच्या ऑफिसात याच महिन्यात मशीनचं सायझिंग, म्हणजे केवढं मशीन लागेल ते, ठरतंय, म्हणून गप्प बसवत नाहीये. मेसेज असा: एका मेनफ्रेमवर 41,400 लिनक्स चाललेत, तेव्हा हजार तर सहज बसतील, सरासरी सीपीयू 5 टक्के असेल तर एका कोअरवर 20 सर्व्हर टाका, आणि मेमरी प्रत्येकाला सढळ हाताने द्या, झेड/व्हीएम (एका मेनफ्रेमवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) बघून घेतं.

41,400 चा आकडा खरा आहे, मान्य. 2000 सालच्या आसपासची ती टेस्ट, व्हीएमवर लिनक्सच्या किती कॉप्या उभ्या राहतात ते बघायला केलेली. उभ्या राहिल्या. पण तुमचा डेटाबेस नुसता उभा राहणार आहे का?

5 टक्क्यांचं गणित शाळेतलं. रात्री दोनला सगळ्यांचा बॅकअप एकदम सुटतो तेव्हा सरासरीला कोण विचारतो? सगळ्या सर्व्हरचा लोड मिनिटामिनिटाने एकावर एक रचा आणि त्यातला सगळ्यात उंच सुळका बघा, सायझिंग त्याच्यावर.

आणि मेमरी, इथे तर डोकंच फिरतं. लिनक्सला 8 जीबी दिली की गरज 2 ची असली तरी उरलेली तो फाइल कॅशने (वाचलेल्या फाइली हाताशी ठेवून) भरून टाकतो, रिकामी ठेवणं त्याच्या स्वभावातच नाही. झेड/व्हीएमला वरून दिसतं की 8 च्या 8 वापरात आहेत. असे 100 गेस्ट (म्हणजे हेच आभासी सर्व्हर) म्हणजे 800 जीबी, खाली खरी मेमरी समजा 256, मग पेजिंग (मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकणं आणि परत आणणं) सुरू, आणि तेही बऱ्याचदा कुणाला नको असलेल्या कॅशचं! खऱ्या मेमरीपेक्षा जास्त वाटता येते हे बरोबर, झेड/व्हीएमची ताकदच ती, पण गेस्ट आटोपशीर असले तर. जुने लोक काय करतात, गेस्ट किंचित स्वॅप (लिनक्सचं स्वतःचं पेजिंग) करायला लागेपर्यंत त्याची मेमरी कमी करत आणतात आणि स्वॅपला व्हीडिस्क (मेमरीतली आभासी डिस्क) देतात, जी वापरली तरच मेमरी खाते. फॉरवर्डमध्ये याचा पत्ताच नाही.

'व्हर्च्युअल सीपीयू फुकट असतात' असंही शेवटी ठोकून दिलंय. एलपारला (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र वाट्याला) 2 आयएफएल (लिनक्ससाठीचे प्रोसेसर) असताना गेस्टला 4 दिले तर ताकद 2 चीच मिळते, वर ओव्हरहेड.

मेव्हण्याला सांगितलंय, आधी 10-20 खरे सर्व्हर हलव, महिनाअखेरीचा लोड त्यांच्यावरून जाऊ दे, पेजिंगचे आकडे बघ, मग पुढचे.