आकाशातले तारे ‘मेलेले’ नाहीत

‘रात्री दिसणारे बहुतेक तारे कधीच विझलेत, आपण नुसता त्यांचा जुना प्रकाश पाहतो’ हा संदेश पुन्हा फिरतोय. प्रकाश जुना असतो, एवढंच खरं.

नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले. व्याध ८.६, अभिजित २५, स्वाती ३७. म्हणजे स्वातीचा आजचा प्रकाश ३७ वर्षांपूर्वी निघालेला. उलट सूर्यासारखा तारा सुमारे १००० कोटी वर्षं जगतो, अतिवजनदार ताराही काही दशलक्ष. त्यापुढे हजार-दोन हजार वर्षं म्हणजे किस झाडकी पत्ती!

शंका घ्यायचीच तर मृगातल्या तांबूस काक्षीवर घ्या. अंतर साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षं, आयुष्याच्या शेवटी होणारा त्याचा स्फोट लाखभर वर्षांत कधीतरी अपेक्षित. तो आधीच होऊन गेला असण्याची शक्यता जेमतेम एक टक्का, तीही नाही. २०१९-२० मध्ये हा तारा मंदावला, तो मुख्यतः त्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीमुळे.

देवयानी दीर्घिकेचा (आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं प्रचंड विश्व) प्रकाश मात्र २५ लाख वर्षं जुना. तिथले काही तारे खरंच संपले असतील. पण अंधाऱ्या रात्री आपल्याला दिसतो तो फक्त तिचा पुसट ठिपका, सुटे तारे नव्हेत.