'दा पाचेम' : सुतक, ठेका आणि 'लढणारा'

नमस्कार. एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्ट यांच्या 'दा पाचेम दोमिने' या लॅटिन समूहगानावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं : 18 शब्दांना पाच मिनिटं, ना चाल ना ठेका, नुसतं सुतक. शिवाय शांतीच्या प्रार्थनेत 'लढणारा' आलाय, म्हणजे माझं भाषांतर चुकलंय.

भाषांतर बरोबर आहे. लॅटिनमध्ये 'पुन्येत' आहे, म्हणजे लढणंच. 'हे प्रभो, आमच्या दिवसांत शांती दे. आमच्यासाठी लढणारा तुझ्यावाचून दुसरा कोणी नाही.' हात टेकलेल्या माणसाचं हे बोलणं आहे.

आणि सुतक म्हणालात ना, तिथे तुम्ही नेमके पोचलात. बार्सिलोनातल्या शांतीच्या मैफिलीसाठी कातालान संगीतकार जोर्दी सावाल यांनी ही रचना मागितली होती. पॅर्ट लिहायला बसले ते माद्रिदच्या स्फोटांनंतर दोन दिवसांनी. 11 मार्च 2004, सकाळची कामाला जायची वेळ, चार लोकल गाड्या, 190हून जास्त मृत्यू. मुंबईकराला आणखी काय सांगायचं? अशा वेळी ठेका कुठून आणायचा?

चाल मात्र आहे. एक आवाज पायरी-पायरीने सरकतो, दुसरा सा, कोमल ग, प एवढ्यातच फिरतो. पहिला रे वर आला आणि दुसरा कोमल ग वर असला की अर्ध्या सुराच्या अंतराने दोन्ही एकमेकांना घासतात. एवढंच 'घडतं'. मी लेखात तानपुऱ्याची उपमा दिली होती ती मागे घेतो. तानपुरा जागचा हलत नाही, हा दुसरा आवाज पहिल्याचा हात धरून हलतो.

'गायला सोपी' हेही मी उगाच लिहिलं. आमच्या क्वायरने (गायकवृंदाने) ती बसवली तेव्हा लांब स्वर तुटू नये म्हणून शेजारच्याचा अंदाज घेत चोरून श्वास घ्यावा लागायचा. पहिल्या तालमीत शेवटी पियानोवर सूर ताडून पाहिला, तर आम्ही सगळे मिळून अर्धा सूर खाली! कुणाला पत्ताच नव्हता.

शब्द कळत नाहीत ही तक्रार मान्य. लॅटिन ओळ आता लेखात वरच टाकली आहे. पण तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत म्हणता. त्यात बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, जवळजवळ गायब होतो. हेडफोन लावून एकदा ऐका, मग खुशाल भांडा.