‘पेटंट कडक करा, संशोधन आपोआप होईल’ हे खरे नाही

समाजमाध्यमांवर एक दावा हिरिरीने फिरवला जातो. त्याचे सार असे: 1970 च्या ढिल्या पेटंट कायद्याने आपल्याला नकलेची सवय लावली, श्रीमंत देश कडक पेटंटमुळे पुढे गेले, इथे पेटंटचे अर्जही रखडतात, आणि जुन्या पदार्थांच्या नव्या रूपांवरची पेटंटे रोखणारे या कायद्यातले कलम 3(ड) हटवले की इथेही ज्ञानाची अर्थव्यवस्था उभी राहील.

आधी ‘नकले’चे पाहू. 1970 च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट बंद केले, तो बनवण्याच्या पद्धतीवरचे ठेवले. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवायची मुभा दिली. ती वाट शोधायला उत्तम रसायनशास्त्र लागते. एड्सवरच्या झिडोव्ह्युडिनची पद्धत हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत बसवली गेली आणि मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने 1993 मध्ये ते औषध बाजारात आणले. पुढे सिप्लाने स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे एकाच गोळीत आणली. त्यांची पेटंटे तीन वेगवेगळ्या बड्या कंपन्यांच्या हातात होती, त्यामुळे जिथे ती लागू होती तिथे एकमेकींच्या संमतीशिवाय ही गोळी काढणे कुणालाच शक्य नव्हते. भारतात ती अडचण नव्हती, म्हणून गोळी इथे निघाली. 2001 मध्ये सिप्लाने हा तिहेरी उपचार माणशी वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हा 10 हजार डॉलरच्या पुढे होता. भारतीय औषधांवर आफ्रिकेत लाखो रुग्ण जगले. मला तरी हे गेल्या अर्धशतकातले आपले सर्वांत मोठे वैज्ञानिक योगदान वाटते, आणि त्याला नक्कल म्हटले की चीड येते.

श्रीमंत देशांचा दाखला तर उलटाच आहे. औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायला जपानने 1976 मध्ये, स्वित्झर्लंडने 1977 च्या सुमारास आणि इटलीने 1978 मध्ये सुरुवात केली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या औषध कंपन्या तोवर जगभर पसरल्या होत्या.

आता कलम 3(ड). ते 2005 च्या दुरुस्तीत सध्याच्या रूपात आले. माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप आणले आणि त्याची परिणामकारकता वाढली नसेल, तर पेटंट नाही, एवढेच ते सांगते. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या ग्लिव्हेक या औषधाला सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी याच आधारावर पेटंट नाकारले. रक्ताच्या कर्करोगावरचे हे औषध महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार रुपयांना पडायचे, तर भारतीय कंपन्यांचे त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी किमतीत मिळे. जुन्या रेणूच्या स्फटिकाचे रूप बदलून एवढी मक्तेदारी मागणाऱ्याला ‘सुधारणा सिद्ध करा’ म्हणणे ही किमान अपेक्षा आहे.

दाव्यातली एक तक्रार मात्र रास्त आहे: पेटंटचे अर्ज वर्षानुवर्षे रखडायचे. पण ते कारभारामुळे. 2014-15 मध्ये देशात सुमारे 6 हजार पेटंटे मंजूर झाली, 2023-24 मध्ये एक लाखाहून जास्त. या काळात 3(ड) जागच्या जागी होते. बदलले ते एवढेच की परीक्षकांची भरती झाली, नियम सुटसुटीत झाले, नवउद्योगांचे शुल्क उतरले. याउलट पेटंटच्या वादांसाठी नेमलेल्या अपिलीय मंडळाचे अध्यक्षपद अनेकदा रिकामे राहिले आणि 2021 मध्ये ते मंडळच बरखास्त झाले.

आणि पैसा? संशोधनावर आपण जीडीपीच्या जेमतेम 0.64 टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया 5 टक्क्यांच्या जवळपास. त्यातही आपल्याकडे मोठा वाटा सरकारचा असतो, कोरियात कंपन्यांचा. इथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांची फेलोशिप महिनोन्महिने थकते, तेव्हा प्रयोगशाळेतले काम पेटंट कायद्यामुळे थांबलेले नसते. 2023 च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत 50 हजार कोटी रुपये उभे करायची त्याची योजना आहे, आणि त्यांतले 36 हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. कडक पेटंट मागणाऱ्या उद्योगांनी त्यात आपला वाटा किती, हे आधी जाहीर करावे.