पुस्तकाप्रमाणे काढा

आज डोकं फिरलंय माझं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

लेकीची विज्ञानाची वही तपासून आली. बी रुजण्याच्या अवस्थांची चित्रं काढून न्यायची होती. तिने घेवड्याच्या बिया भिजवल्या, कुंडीत लावल्या, बारा दिवस रोज संध्याकाळी कुंडीपुढे मांडी घालून बसली आणि जे दिसलं ते काढलं. चौथ्या चित्रात मातीतून वर येणारा, आकड्यासारखा वाकलेला कोंब आहे. पाचव्यात तो आकडा अर्धा सुटलाय, दोन जाड बीजपत्रं (बीच्या आतल्या दोन डाळी) मातीच्या वर आली आहेत आणि एकावर फाटलेलं बीजकवच टोपीसारखं लटकतंय. ते लटकणारं साल तिने इतक्या मायेने काढलंय की बघत राहावं. त्यावर लाल पेनाची भलीमोठी फुली. खाली शेरा: 'खोड सरळ हवे. बीजपत्रे मातीत दाखवा. पुस्तकाप्रमाणे काढा.'

पुस्तकाप्रमाणे! रोप समोर उभं असताना!

लेक रडली नाही, भांडलीही नाही. तिने कंपासपेटीतून खोडरबर काढला आणि तो आकडा खोडायला घेतला. मी वही ओढून घेतली तिच्या हातातून. माझा राग त्या फुलीवर आहेच, पण त्याहून जास्त या खोडरबरावर आहे. बारा दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तिने एका मिनिटात खोटी मानली.

मग मी पुस्तक उघडलं. चित्र हरभऱ्याचं आहे. हरभऱ्याची बीजपत्रं मातीतच राहतात, खरं आहे. वाटाण्याची राहतात, मक्याचंही एकुलतं बीजपत्र खालीच राहतं. पण घेवड्यात बीजपत्रांच्या खालचा भाग लांब होतो आणि बीजपत्रांना उचलून वर आणतो. एरंडीत तेच, भोपळ्यात तेच, चिंचेत तेच. चित्र हरभऱ्याचं म्हणून बरोबर, लेकीचं घेवड्याचं म्हणून बरोबर. आणि खोड सरळ म्हणाल तर हरभऱ्याचा कोंबसुद्धा मातीतून मान खाली घालूनच वर येतो! टोकाशी इतका नाजूक भाग असतो की तो सरळ वर घुसला तर मातीच्या कणांनी सोलवटून निघेल. म्हणून पाठीने माती फोडायची आणि टोकाला मागून ओढत आणायचं. उजेड लागला की आकडा सुटतो. एवढी सुंदर गोष्ट त्या एका वाकड्या रेषेत होती.

मला आमच्या बाई आठवतात. अकरा वर्षांची असेन मी. बाईंनी काचेचा ग्लास, आत टीपकागदाची गुंडाळी आणि काच नि कागद यांच्या मध्ये घेवड्याची बी असं करायला लावलं होतं. तळाला दोन बोटं पाणी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आदिमूळ, म्हणजे बीचं पहिलं मूळ, बाहेर आलं, पांढरंशुभ्र, आणि सरळ खाली निघालं. ते बोटभर झाल्यावर बाई म्हणाल्या, आता ग्लास आडवा करून ठेव. मला वाटलं मूळ आडवंच वाढत जाईल. सकाळी उठून पाहिलं तर मुळाचं टोक काटकोनात वळून पुन्हा खाली बघत होतं. कोंब उलट वर वळायला लागला होता. रात्री अंधारात, कुणी सांगितलं नसताना. मी तशीच पारोशी वही घेऊन बसले आणि ते वळण काढलं. चित्र वाकडंतिकडं आलं होतं. बाईंनी खाली दोनच शब्द लिहिले: 'बघून काढलंस.'

ती वही मी अजून ठेवली आहे.

ते वळण कसं येतं हे मला खूप नंतर कळलं. मुळाच्या अगदी टोकाला मूलटोपी असते. तिच्यातल्या काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात, ते वाळूसारखे तळाशी बसतात. ग्लास आडवा केला की ते घरंगळून नव्या तळाशी जातात, आणि मुळाला कळतं खाली म्हणजे कुठे. मग ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमतं. मुळात त्याने वाढ रोखली जाते, म्हणून वरची बाजू जास्त लांबते आणि मूळ खाली वळतं. कोंबात तेच संप्रेरक वाढ वाढवतं, म्हणून कोंब वर वळतो. एकच रसायन, दोन टोकांना दोन उलट कामं. १८०६ मध्ये टॉमस अँड्र्यू नाइट यांनी पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधून ठेवल्या, तर मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब आतल्या दिशेने. चाक जोरात फिरत असलं की बाहेर फेकणारी ओढ हीच त्या रोपांची 'खालची' दिशा झाली. १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी लिहून ठेवलं की टोक छाटलेलं मूळ वळत नाही. ही माणसं आधी बघत बसली होती हो! रुजणाऱ्या बियांपुढे, लेकीसारखीच.

मान्य, वर्गात पन्नास-साठ मुलं असतात आणि मॅडमना पोर्शन संपवायचा असतो. मान्य, परीक्षेत पुस्तकातलंच विचारतात, नावं पाठ हवीतच. पण म्हणून समोरच्या रोपाला चूक ठरवायचं?

आणि हे एका फुलीपुरतं नाही. तुम्ही सगळे माझेच मित्र, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण सगळ्यांनी फुलाचे भाग म्हणून निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग असं घोकलं. किती जणांनी फूल उभं चिरून अंडाशयातली बीजांडं भिंगातून पाहिली? मक्याच्या कणसाचे केस सोलून फेकताना किती जणांना माहीत होतं की तो एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचा कुक्षीवृंत आहे? तुऱ्यातून उडालेला परागकण केसावर बसतो, त्यातून परागनलिका फुटते आणि त्या लांबलचक केसाच्या आतून खाली उतरत बीजांडापर्यंत जाते. तिथे दोन पुंयुग्मकांपैकी, म्हणजे नर पेशींपैकी, एक अंडपेशीशी मिळतो आणि दुसरा भ्रूणपोष, म्हणजे बीतला अन्नसाठा, तयार करायला जातो. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत दाखवलं. ज्या केसाला पराग मिळालाच नाही, त्याचा दाणा भरत नाही. कणसात मध्येच दाणे नसलेली जागा दिसते ना, ती बऱ्याचदा त्यामुळे. हे मला वयाच्या तिशीत कळलं. इतकी वर्षं मी नुसती व्याख्या लिहून मार्क घेत होते.

घेवड्यात हा भ्रूणपोष बी तयार होतानाच संपतो, सगळा साठा बीजपत्रांत जातो. म्हणून ती एवढी गुबगुबीत. लेकीच्या पुढच्या चित्रांत तीच बीजपत्रं आधी हिरवट होतात, मग सुरकुततात आणि शेवटच्या चित्रात एक गळून पडलंय. पोरीने न शिकवता साठा संपताना पाहिलाय. त्या चित्राला ना फुली, ना बरोबरची खूण. कुणी पाहिलंच नसावं.

संध्याकाळी मी ठरवलं होतं, उद्या शाळेत जायचं आणि मॅडमना जाब विचारायचा. मनात वाक्यंसुद्धा जुळवून झाली होती. मग लेकीला आमच्या ग्लासाची गोष्ट सांगितली आणि जुनी वही दाखवली. तिने ते वळण बोटाने गिरवलं आणि विचारलं, "आई, मुळावर ठिपके का आहेत?" ते मी विसरूनच गेले होते! बाईंनी मुळावर सारख्या अंतरावर शाईचे बारीक ठिपके द्यायला लावले होते. दुसऱ्या दिवशी टोकाजवळचे ठिपके लांब लांब गेले होते, वरचे जिथल्या तिथे. मूळ सगळीकडून ताणलं जात नाही, टोकाच्या जरा मागे लांबतं. टोकाशी विभाजी ऊती नव्या पेशी बनवत राहते आणि त्या पेशी लांब होत मुळाला पुढे ढकलतात. खोड उंच होतं तेही शेंड्याशीच, म्हणून झाडाच्या बुंध्यावर कोरलेलं नाव कितीही वर्षांनी त्याच उंचीवर राहतं. लेक म्हणाली, "मग आपण पण ठिपके देऊ." खोडरबर तिने स्वतःच कंपासपेटीत टाकला.

भांडायला जाणार नाही आता. त्या मॅडमनाही कुणी काचेचा ग्लास दिला नसेल. मी लिहिता लिहिता जरा निवळले आहे, पण शेरा चुकीचा आहे हे सांगणार, नक्की सांगणार.

दहा बिया भिजत घातल्यात. सहा घेवड्याच्या, चार हरभऱ्याच्या. एकाच कुंडीत शेजारी शेजारी लावणार आणि कोंब वर आले की कुंडी मॅडमच्या टेबलावर ठेवून येणार. लेकीला भलतीच काळजी: शाळेत पोचेपर्यंत उजेडाने आकडा सुटला तर? मी म्हटलं, माती तडकायला लागली की वर खोकं पालथं घालू, अंधारात नेऊ.

ती खोकं शोधायला गेली आहे.