मोहरीची पेंड बंद करून गाईला युरिया घालू नका

मोहरीच्या पेंडीबद्दलचा एक मजकूर सध्या कोकणातल्या गुरं पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. परवा तो आमच्या काकूंपर्यंत पोचला आणि आठ लिटर दूध देणाऱ्या गाईच्या आंबोणातली (खुराकातली) पेंड त्यांनी त्याच संध्याकाळी बंद केली. मजकूर थोडक्यात असा: मोहरीची आणि परदेशी कॅनोलाची पेंड म्हणजे विष. कॅनोला मुळात इंजिनाचं वंगण. हे विष दुधात उतरून माणसाला गलगंड होतो. तेल काढलेली पेंड रसायनात बुडवलेली असते, आणि आता तीच माणसांच्या खाण्यातही घालतात. त्यापेक्षा कच्चं सोयाबीन भरडून त्यात मूठभर युरिया घाला, नाहीतर शेंगदाण्याची पेंड द्या. तिला बुरशी आली तर दोन उन्हं दाखवा, झालं.

आधी या उपायाचं बोलू, कारण त्याने गाय मरते.

गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव युरियापासून सुटलेला अमोनिया वापरून प्रथिनं तयार करतात, हे खरं. पण अमोनिया त्यांना पेलेल इतक्याच वेगाने सुटायला हवा. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि त्याचं कामच युरिया फोडणं. दोन्ही एकत्र घातले की अमोनिया एकदम सुटतो, यकृताला आवरत नाही, रक्तात चढतो. अर्ध्या-पाऊण तासात जनावर थरथरू लागतं, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं, श्वास जड होतो आणि ते आडवं पडतं. यावर उपचार म्हणजे नळीने पोटात भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर सोडणं. ते पशुवैद्यकानेच करायचं, आणि वाडीवर डॉक्टर पोचेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. वासराचं तर कोठीपोटच तयार झालेलं नसतं, त्याला युरिया अजिबात नाही. आणि ‘मूठभर’ हे काय माप झालं? पशुखाद्य कारखान्यातसुद्धा युरिया वजन करून, आंबोणाच्या एक टक्क्याच्या आसपास, एकजीव मिसळला जातो.

युरियाचा एक उपयोग मात्र मान्य करतो, तो म्हणजे भाताच्या पेंढ्यावर. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, पेंढा तुडवून ताडपत्रीखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचा आणि काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून मगच घालायचा. असा पेंढा खाणाऱ्या गुरालाही कच्चं सोयाबीन देऊ नये.

आता बुरशी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकी ओल असते की जमिनीवर टेकवलेलं शेंगदाणा पेंडीचं पोतं पंधरा दिवसांत आतून गरम लागतं आणि गाठी धरतं. खोबऱ्याच्या पेंडीचंही तेच. त्या बुरशीतलं अफलाटॉक्सिन विष उन्हाने जात नाही, पाण्यात उकळूनही जात नाही. ते मोडायला अडीचशे अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. उन्हाने जाते ती ओल आणि कुबट वास, म्हणजे नेमकी धोक्याची खूण. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते अशाच शेंगदाणा पेंडीने, आणि या विषाचा शोधही तिथूनच लागला.

दुधाची एवढी काळजी आहे ना, मग हा हिशेब करा. पेंडीत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम अफलाटॉक्सिन आहे आणि गाय दिवसाला २ किलो पेंड खाते, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम तिच्या पोटात गेलं. त्यातलं साधारण १ ते ३ टक्के दुधात उतरतं. २ टक्के धरले तर ८ लिटर दुधात ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरला अर्धा. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा नेमकी तेवढीच, किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. अशी पेंड कोंबड्यांपुढेही टाकू नका, बदकांपुढे तर नाहीच. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणा आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

मोहरीच्या पेंडीवरच्या आरोपात अर्धं सत्य आहे. तिच्यात ग्लुकोसिनोलेट नावाचे घटक असतात, त्यांपासून तयार होणारे पदार्थ थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत. पण दुधातून गलगंड? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली पशुखाद्यातल्या ग्लुकोसिनोलेटांचा आढावा घेतला, त्यात दूध, मांस, अंडी यांत उतरणारं प्रमाण दिलेल्या मात्रेच्या साधारण ०.१ टक्का निघालं. रवंथ करणारी जनावरं तर कोंबड्या-डुकरांपेक्षा ही पेंड जास्त सोसतात. आयोडीन कमी पडू नये म्हणून खनिज मिश्रण द्यायचं, इतकंच.

शिवाय कॅनोला आणि आपली मोहरी एका मापाने मोजायची नाही. जुन्या रेपसीडचं (मोहरीच्या कुळातलं हे पीक, कॅनोला त्यातूनच आलं) तेल वाफेच्या इंजिनांना वंगण म्हणून वापरत, हे खरं आहे. एरंडेलही वंगणच, म्हणून कुणी ते विष म्हणत नाही. कॅनडात संकर करून १९७४ साली जी जात आली, तिच्यात इरुसिक आम्ल (तेलातलं एक नकोसं आम्ल) आणि ग्लुकोसिनोलेट दोन्ही कमी केलेले होते. आज कॅनोला म्हणायचं तर तेलात इरुसिक आम्ल २ टक्क्यांच्या आत आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट ग्रॅमला ३० मायक्रोमोलच्या आत लागतं. आपल्या नेहमीच्या मोहरीत ते याच्या कितीतरी पट असतं, म्हणून मोहरीची पेंड बेतानेच.

रसायनाचं म्हणाल, तर तेल काढायला हेक्झेन वापरतात. ते ६९ अंशांना उकळतं आणि पेंडीला त्याहून बरीच जास्त गरम वाफ देऊन काढून टाकलं जातं. माणसांच्या खाण्यासाठी रेपसीडचं प्रथिन वेगळं शुद्ध करतात, युरोपने त्याला २०१४ साली परवानगी दिली; मोहरीची अॅलर्जी असलेल्यांनी मात्र ते टाळावं. अंड्यांबाबत एक खबरदारी खरीच घ्यावी लागते: तांबडी अंडी देणाऱ्या काही जातींच्या कोंबड्यांना मोहरीची किंवा रेपसीडची पेंड जास्त झाली की अंड्याला मासळीचा वास येतो.

ज्यांनी पेंड बंद केली आहे त्यांनी ती एकदम पूर्ण सुरू करू नये. पहिल्या दिवशी पाव किलो, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. आठ लिटर देणाऱ्या गाईला साधारण साडेचार किलो आंबोण लागतं, त्यात मोहरीची पेंड ७०० ते ९०० ग्रॅम पुरे. घाण्याची पेंड रात्रभर भिजत ठेवू नका. पाण्यात तिचं विकर जागं होतं, झणका सुटतो आणि गाय तोंड फिरवते. कोरडीच कोंड्यात मिसळा, आणि आयोडीन असलेलं खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम वरून घाला.