बारा बंद आणि एक पोट

दिवाळी संपली तशी आईनं ट्रंकेतून माझी बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, काढली, गच्चीवर उन्हात टाकली आणि म्हणाली, "एकदा घालून बघ. गड्डा आला की जवळ."

आम्हा सोलापूरकरांचा जानेवारी सुरू होतो तो सिद्धरामेश्वरांच्या यात्रेनं, म्हणजेच गड्ड्यानं. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते. नंदीध्वज पेलणारी माणसं वेगळी, त्यांचा सराव वेगळा. मी नुसता बाराबंदी घालून मागनं चालतो आणि 'हर्र बोला हर्र' म्हणून घसा बसवून घरी येतो. पण त्यासाठीसुद्धा बाराबंदी अंगात जावी लागते.

गेली. वरचे बंद गुमान बांधले गेले. पोटावरचे मात्र, सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखे, लांबूनच एकमेकांकडे बघत राहिले. बारापैकी सात. उरलेल्या पाचांसाठी मी श्वास आत ओढला, तेव्हा आठवा बंद जेमतेम भेटला आणि बोलायला तोंड उघडताच सुटला.

लेकीनं शिवणाच्या डब्यातली टेप आणली. ३८ इंच. "पप्पा, म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९०च्या आत कंबर बरी म्हणतात." मी म्हटलं, टेप जुनी आहे, आटली असेल.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात मिनिटं, हॉलमध्ये, तिच्या मोबाइलसमोर. त्यात पोटाच्या व्यायामाच्या तीन पायऱ्या होत्या: नवशिके, मध्यम आणि तयारीचे. मी थेट मध्यमवर बोट ठेवलं. लेकीनं ते बोट उचलून नवशिक्यांवर ठेवलं.

व्यायामाची खास चटई आमच्याकडे नव्हती. चादरी मात्र होत्या. सोलापुरात ज्याच्या घरी चादर कमी पडते तो पाहुणा समजावा. एक जाड चादर शहाबादी फरशीवर अंथरली आणि मी उताणा पडलो.

पहिला प्रकार क्रंच. गुडघे दुमडायचे, खांदे जमिनीवरून थोडेसेच उचलायचे, उठताना श्वास सोडायचा. मी उठताना श्वास कोंडून धरायचो आणि डोक्यामागं हात लावून मान अशी ओढायचो की जणू मुंडकं स्वतंत्रपणे पुढं न्यायचंय. "मान नाही, पोट!" लेक ओरडायची. पोटानं ते ऐकलं असावं, कारण ते जागचं हललं नाही.

दुसऱ्या प्रकाराचं नाव डेड बग, म्हणजे मेलेला किडा. नाव ठेवणाऱ्यानं मला बघूनच ठेवलं असणार. पाठीवर झोपून हात छताकडे, गुडघे हवेत काटकोनात. मग उजवा हात डोक्यामागं आणि डावा पाय पुढं हळूहळू खाली न्यायचा, परत आणायचा आणि बाजू बदलायची. गंमत अशी की कंबर फरशीला चिकटून राहिली पाहिजे, नाहीतर पोटाऐवजी पाठच राबते. आई शेंगा सोलता सोलता खाली वाकली, माझ्या कमरेखालच्या पोकळीत हात घातला आणि म्हणाली, "हितनं मांजर जाईल की रे."

मग गुडघे टेकून प्लँक, म्हणजे कोपरांवर अंग फळीसारखं ताठ धरायचं, २० सेकंद. कोपरं बरोब्बर खांद्यांखाली. माझा असा समज होता की २० सेकंद म्हणजे काही नाही. आमच्या सात रस्ता चौकातला सिग्नलसुद्धा एवढा लांब वाटला नाही कधी. उठलो तेव्हा दोन्ही कोपरांवर चादरीची फुलं उमटली होती, पाकळ्यांसकट.

त्या दिवशी काही दुखलं नाही, म्हणून मी ऑफिसात दोघांना सल्ला दिला. खरं दुखणं सवय नसलेल्या स्नायूंना दुसऱ्या दिवशी गाठतं. सकाळी आई खलबत्त्यात शेंगा चटणी कुटत होती. तिखट उडालं आणि मला शिंक आली. एका शिंकेत पोटाचे किती स्नायू राबतात, हे मला त्या दिवशी एकेकाच्या नावानिशी कळलं असतं, नावं माहीत असती तर. दुसरी शिंक येणार म्हणून मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. मित्राचा फोन आला, "काय बे, आवाज का असा?" त्याला सांगितलं. तो हसला, मग मलाही हसू आलं, आणि ते शिंकेपेक्षा महाग पडलं.

आठवड्यानं मी, लेक आंघोळीला गेलेली बघून, गुपचूप मध्यम पायरी लावली. पूर्ण प्लँक, पायाच्या बोटांवर. दहाव्या सेकंदाला चादर गुळगुळीत फरशीवरनं मागं निघाली, मी पुढंच राहिलो, आणि हनुवटीनं शहाबादीला नमस्कार केला.

मग लेकीनं नीट बसवून समजावलं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी जात नाही. स्नायू बळकट होतात, पण ते राहतात गादीखाली. गादी पातळ करायची तर ताटाकडे बघायचं आणि चालायचं. आणि पोटावर चौकडे चार दिसणार, सहा की आठ, हे स्नायूवरच्या आडव्या पट्ट्या ठरवतात, त्या जन्मतःच असतात. हे मला लगेच पटलं. माझे वडील मागावर होते. जकार्डला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकदा लावली की डिझाइन ठरलं. मग कितीही दामटा, मोराचा गुलाब होत नाही. माझ्या वेळी बहुतेक कार्डं लावायचीच राहिली आणि साधा पंचा विणला गेला.

ताटाकडे बघू लागलो. तिथं कडक भाकरी, चटणी, चटणीवर दही. नुसतं बघणं जमेना.

तरी सात मिनिटं सोडली नाहीत. डिसेंबर सरता सरता गुडघे न टेकता ४० सेकंद थांबू लागलो, मांजराची वाट बंद झाली, बुटाची नाडी खाली न बसता बांधता येऊ लागली. टेप मात्र ३७च्या अलीकडं यायला तयार नव्हती. एका दुपारी आई लेकीला सुईत दोरा ओवायला हाका मारत होती, तेव्हा मी प्लँकमध्ये होतो. लक्ष दिलं नाही.

यात्रेच्या सकाळी बाराबंदी चढवली. सात, आठ, नऊ... बारा! बाराच्या बारा! मी आरशासमोर गर्रकन वळलो. मग खाली बघितलं. पोटावरचे पाच बंद वरच्यांपेक्षा चांगले बोटभर लांब होते, आणि बरेच पांढरे.

आईनं शेंगांवरची नजर काढली नाही.

"श्वास सोड की आता," ती म्हणाली.